बंद नंबरावरून येणारे गोल

या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचतो आहे. खरं सांगतो, निम्म्याहून जास्त मला पटत नाहीत. मी जुन्या ट्रॅक्टरचा व्यापार करतो. समोरचा माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, "इंजिन एकदाही खोललेलं नाही," तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे पाहत नाही, इंजिनच्या नटांकडे पाहतो. पान्हा लागला असेल तर नटाचे कोपरे बोलतात. भूत, करणी, बाहेरची बाधा... असल्या गोष्टी सांगणाऱ्यांचेही मी असेच नट पाहत आलो. पण हा प्रकार माझ्या स्वतःच्या फोनवर झाला आणि त्याचा एकही नट मला सापडला नाही. म्हणून लिहितो आहे. हौस म्हणून नाही. खूप थकलो आहे या गोष्टीने.

मी बोरी अरबचा. दारव्हा तालुका, यवतमाळ जिल्हा. नाव सलीम. वडील मी लहान असतानाच गेले, गॅरेजमध्ये पान्हे पुसत मोठा झालो. आज पंजाबपासून तेलंगणापर्यंत फिरून जुने ट्रॅक्टर आणतो, दुरुस्त करतो, विकतो. हे सगळं माझ्या जिभेवर आणि डोळ्यांवर उभं केलं, कोणाच्या मेहरबानीवर नाही. माझा राग वाईट आहे, हे गावाला माहीत आहे. मी ते नाकारत नाही.

लोकांना वाटतं आमच्याकडे फक्त कापूस आणि तूर पिकते. पण आमच्या भागात फुटबॉलचं वेड जुनं आहे. बोरीचा संघ म्हणजे आमचा जीव. तरुणपणी मी त्या संघात बॅक होतो आणि माझ्यामागे गोलमध्ये उभा असायचा विनायक. गावासाठी विनायकभाऊ, माझ्यासाठी इन्या, आणि त्याच्यासाठी मी सल्या. त्याची पिठाची गिरणी आहे. भुवयांपर्यंत पांढरा झालेला असतो कायम. खेळणं सुटल्यावर तो संघाचा कोच झाला आणि मी धंद्यासाठी बाहेर फिरायला लागलो.

फिरताना मॅच चुकायची, हे मला फार लागायचं. तेव्हा दुसऱ्या राज्यात फोन उचलला तरी पैसे कटायचे. म्हणून आम्ही दोघांनी मिसकॉलची भाषा ठरवली. आपला गोल झाला की इन्या रिंग पूर्ण वाजू देणार, आपोआप बंद होईपर्यंत. त्यांचा गोल झाला तर एकच ट्रिंग आणि कट. फोन उचलायचा नाही, हा कायदा. उचलला तो मूर्ख. मी वारंगळला कुठल्या तरी धाब्यावर जेवत असायचो, फोन वाजायचा, मी हात न लावता नुसता ऐकत बसायचो... आणि पूर्ण वाजला की एक भाकर जास्त खायचो. ही भाषा आमच्या दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हती. बायकांनाही नाही. सांगितली असती तर हसल्या असत्या.

आता भांडणाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

संघाला मैदान नव्हतं. शेतं रिकामी झाली की कोणाच्या तरी वावरात खेळायचं आणि पेरणी आली की तिथून निघायचं. गावाबाहेर रस्त्याला लागून बाबाराव पाटलांची बरड जमीन पडून होती. ती मी मिळवली. कित्येक सकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. शेवटी बोलणं ठरलं की मी त्यांचा म्हातारा ट्रॅक्टर कायम चालू ठेवायचा आणि त्यांनी पोरांना तिथे कायम खेळू द्यायचं. दोघांचा शब्द, बस. उद्घाटनाला सगळं गाव जमलं. इन्या माइकवर उभा राहिला आणि म्हणाला, "आता आपला दलाल, सल्या, त्यानं हा सौदा जमवला, त्याच्यासाठी टाळ्या वाजवा बाप्पा!"

दलाल.

लोक हसले. बाबारावही हसले. आमच्याकडे बैलबाजारात दलाल असतो, शब्द काही शिवी नाही, हे मलाही कळतं. पण माझ्याकडून सौद्यात हरलेला प्रत्येक माणूस पाठीमागे मला हाच शब्द वापरत आला आहे. आणि त्या जमिनीत मी एक पैसा खाल्ला नव्हता. मी त्याच संध्याकाळी इन्याला फोन केला.

"माइकवर माफी माग," मी म्हटलं.

"कायची माफी बे? बैलबाजारातला दलाल काय माणूस नसते?"

"माफी मागतो का नाही?"

"नाही मागत. जे हाय ते म्हटलं."

मग मी जे बोललो ते इथे छापता येणार नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. मी शपथ घेतली की इन्या स्वतः बोलावत नाही तोवर त्या मैदानावर पाय ठेवणार नाही. रस्त्याने जाताना मान दुसरीकडे करायचो. माझंच मिळवलेलं मैदान, आणि मी मान दुसरीकडे करून जायचो... विचार करा.

त्यानंतरच्या हंगामात मी राजस्थानात होतो. त्या दिवशी दिग्रसच्या संघाशी मॅच आहे, एवढं मला ठाऊक होतं, पण निकाल कोण कळवणार? दुपारी चहा पीत होतो आणि फोन वाजला. स्क्रीनवर नाव, 'इन्या'. रिंग पूर्ण वाजली, बंद झाली. मी कपाकडे पाहत बसलो. थोड्या वेळाने पुन्हा पूर्ण. मग एक ट्रिंग. गावातल्या एकाला फोन करून आडून विचारलं, तर तोच निकाल. दोन-एक, आपण जिंकलो.

मी मनात म्हटलं, आला साला लायनीवर. तोंडाने बोलत नाही, पण गोल कळवतो.

हे असं वर्षानुवर्षं चाललं. मी कुठेही असो, गोल झाला की इन्याचा फोन. कधी चूक नाही. मी उचलला नाही आणि उलट फोनही केला नाही. का करू? करणारा हरला. मला वाटायचं, तो त्याच्या पद्धतीने नमतो आहे, नमू दे. माफी नाही मागत तर निदान गोल तरी देतो आहे. खोटं कशाला सांगू, परक्या गावात एकटा असताना त्या रिंगचा मला फार आधार वाटायचा. समोरासमोर आलो की मात्र तो चेहरा दगडासारखा करून निघून जायचा. मी म्हणायचो, वा रे इन्या, काय नाटक करतो!

आता मागच्या हिवाळ्याची गोष्ट.

मी पंजाबात होतो. जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारात एका सरदारजींशी दोन गाड्यांचा सौदा चालला होता. सकाळीच माझ्या बायकोचा, शबानाचा फोन आला. घरी आम्ही हिंदी बोलतो, इथे मराठीत लिहितो. ती म्हणाली, "बाबारावांच्या मुलांनी मैदानाचं प्लॉटिंग करायचं ठरवलं आहे. मंगलाताई गिरणीवर रडत होती." मंगला म्हणजे इन्याची बायको. आम्ही नवरे बोलत नसलो तरी त्या दोघींचं कधी तुटलं नाही.

बाबाराव मागच्याच वर्षी वारले होते. थोरला मुलगा नागपुरात, धाकटा गावात. वडिलांनी दिलेल्या शब्दाचा कागद नव्हता. साक्षीदार एकच, मी.

"झालं असं," शबाना सांगत होती, "सकाळी मैदानावर चुन्याच्या रेघा दिसल्या. विनायकभाऊ खूश झाले, म्हणे कोणीतरी मॅचसाठी आखून दिलं. पोरं नाचायला लागली. मग जवळ जाऊन पाहिलं तर रेघा भलत्याच दिशेने... गोलच्या मधून एक रेघ गेलेली. ते प्लॉट होते."

"मग आता?"

"आज महागावशी मॅच आहे, ती खेळू देतील. उद्या संध्याकाळी थोरला खांब रोवून परत नागपूरला जाणार. खांब लागले की विषय संपला. तुम्ही त्यांच्याशी बोला ना."

"इन्यानं मला बोलवलं?"

 ती म्हणाली, "ते बोलावणार नाहीत, तुम्ही येणार नाही. पोरांनी कुठं खेळायचं ते दोघं ठरवून सांगा." आणि फोन ठेवून दिला.

मी सौद्याकडे वळलो. पण डोकं लागत नव्हतं. सरदारजी पक्का माणूस होता. मी इंजिनात खोट काढली की तो टायर दाखवायचा, टायरमध्ये काढली की तो चहा मागवायचा. दुपार झाली. फोन एकदा ट्रिंग करून थांबला. 'इन्या.' म्हणजे महागावचा गोल. जरा वेळाने पुन्हा एक ट्रिंग. दोन गोल खाल्ले. मी स्वतःशीच शिवी दिली.

मग तिसऱ्यांदा वाजला. मी वाट पाहिली, कट होत नाही. म्हणजे आपला गोल! पण रिंग थांबेना. एरवी जेवढी वाजून आपोआप बंद होते त्याच्या कितीतरी पुढे गेली. सरदारजी बोलता बोलता थांबले. आजूबाजूचे पाहायला लागले.

"उठा लो भाईसाहब," सरदारजी म्हणाले, "घर से होगा."

आमच्या भाषेत फोन उचलायचा नसतो, हे त्यांना काय सांगू? पण ती रिंग सहन होईना. मी उचलला.

आधी नुसता वारा. मग गलका, शिट्टी, ढोलकी... आमच्या मैदानाचा आवाज मी हजारात ओळखेन. आणि मग इन्याचा आवाज. आत्ताचा पीठ खाऊन बसलेला नाही, तरुणपणीचा, फाटलेला, गोलमधून ओरडतानाचा.

"सल्याऽऽ! मांगं ये बे! मांगं ये!"

बस. फोन बंद झाला.

जे फुटबॉल खेळले नाहीत त्यांना सांगतो. बॅक पुढे निघून गेला आणि समोरचे चेंडू घेऊन आत घुसले की गोली मागून असाच ओरडतो. मागे ये, गोल उघडा पडला आहे. खेळत होतो तेव्हा ही हाक आली की मी वळून पाहायचोसुद्धा नाही, आधी पळायचो. त्या बाजारातही तेच झालं. मी सरदारजींना म्हटलं, "सौदा बाद में." अर्धवट सौदा सोडून मी आयुष्यात कधी उठलो नव्हतो. सरदारजींना वाटलं ही नवी चाल आहे. ते मागून भाव उतरवत होते आणि मी रिक्षा शोधत होतो.

लुधियानाहून दिल्ली, दिल्लीहून नागपूरचं विमान. मी विमानाने कधी फिरत नाही, पैसे फुकट जातात असं माझं मत आहे. त्या दिवशी काही वाटलं नाही. एकच गोष्ट डोक्यात होती. इन्याने बोलावलं. शेवटी बोलावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी थेट मैदानावर उतरलो. कितीतरी वर्षांनी पाय ठेवला. दोघे भाऊ खांबांच्या ट्रॉलीजवळ उभे होते.

धाकटा म्हणाला, "सलीमभाऊ, तुम्ही कायले आले? कागद हाय का तुमच्याजवळ?"

"कागद नाही. तुमच्या वडिलांचा शब्द आहे."

थोरला हसला. "शब्दाची रजिस्ट्री होत नाही, भाऊ."

"नाही होत," मी म्हटलं. "बरं, ते सोडा. प्लॉट पाडा. पण मले एक सांगा, मागच्या अर्ध्या भागात पावसाळ्यात काय असते?"

धाकट्याने मागे वळून त्या भागाकडे पाहिलं.

"गुडघाभर पाणी असते. म्हणून तर तुमच्या वडिलांनी तिथं कधी पेरलं नाही. प्लॉट घेणारा उन्हाळ्यात येईन, तुम्ही दाखवसान, तो खूश होईन. मंग मी त्याले जुलैमध्ये माझ्या गाडीत बसवून इथं आणीन. प्रत्येकाले. माझ्याजवळ गाड्या लय हायेत."

"तुम्ही धमकी देऊन राह्यले का?" थोरला म्हणाला.

"मी सौदा करून राह्यलो. रस्त्याकडची पट्टी तुमची. तिथं दुकानाचे प्लॉट पाडा, गिऱ्हाईक मी स्वतः आणून देतो, त्यात मले काही नको. मागचं पोट्ट्यांचं राहू द्या. अन् या वक्ताले कागद करू."

दोघे बाजूला जाऊन बराच वेळ बोलले. मध्ये थोरल्याने कोणाला तरी फोन केला, बहुतेक त्याच्या बायकोला. मी ट्रॉलीवर बसून राहिलो. सौद्यात बसून राहणं हीच अर्धी कमाई असते. उन्हं कलायला लागली तेव्हा धाकटा आला आणि म्हणाला, "पट्टी जरा रुंद पाहिजे." तेव्हाच मला कळलं, जमलं. मैदान थोडं आखूड झालं, पण राहिलं. आठवड्याभरात दारव्ह्याला जाऊन कागदही झाला.

दोघे भाऊ निघून गेले आणि इन्या आला. अंगभर पीठ. धापा टाकत. 

"तुले कोन सांगतलं यायले?" तो म्हणाला.

"तूच."

"मी?"

"काल फोन नाही केला का? मांगं ये, मांगं ये म्हणून बोंबलत होता."

"मी कायले फोन करू तुले? तुह्यावाला नंबरच नाही माझ्याजवळ."

माझं डोकं फिरलं. "आता नाटक पुरे कर इन्या! इतकी वर्षं मिसकॉल देऊन राह्यला, प्रत्येक गोल..."

"कोनता गोल? कायचे मिसकॉल बे?"

मी फोन काढून त्याच्यासमोर धरला. कालचे तीनही कॉल दिसत होते. त्याने नंबर पाहिला आणि त्याचा चेहरा पिठाखालूनही उतरलेला दिसला.

"सल्या, हा नंबर बंद हाय. तू त्या दिवशी मले मायबहिणीवरून बोलला ना? मी तेव्हाच सिम तोडून नालीत फेकलं. मंग नवा घेतला. टुर्नामेंटच्या पोस्टरवर दरसाल छापतो."

पोस्टरकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. मान दुसरीकडे करून जाणारा माणूस पोस्टर काय वाचेल? त्याने स्वतःच्या फोनवरून तो नंबर लावला, स्पीकर चालू करून. बाईचा आवाज आला, हा नंबर अस्तित्वात नाही. मी माझ्या फोनवरून लावला. तेच. इंजिन नंबर तीनदा तपासणारा माणूस मी, आणि इतक्या वर्षांत एकदाही उलट फोन केला नव्हता.

"काल दुपारी तू कुठं होता?" मी विचारलं.

"गोलची जाळी सुटलती. दोन्ही हातानं धरून उभा होतो, साऱ्या गावानं पाहिलं. फोन गिरणीत चार्जिंगले. दोन गोल खाल्ले अन् मंग या दोघा भावांनी शब्द मोडून मॅचच बंद केली."  मग तो हळू म्हणाला, "पण खरं सांगू का... तवा तू आठवलता मले. तोंडानं काही बोललो नाही म्या."

शबानाला सांगितलं तर ती म्हणाली, "नवा नंबर तुमच्याजवळ नव्हता? सगळ्या गावाजवळ आहे." मोबाइलच्या दुकानदाराने कंपनीत विचारलं. तो नंबर नंतर कोणाला दिलेला नाही म्हणतात. पुतण्या म्हणतो, इंटरनेटवरून कोणाच्याही नावाने कॉल करता येतो. येत असेल. पण आमची भाषा कोणाला माहीत होती? आणि तो आवाज? इन्याने एखाद्याला भाषा सांगितली असेल, असंही मी धरून पाहिलं. तो गिरणीवर हात ठेवून शपथ घेतो की नाही. मी त्याचे नट पाहिले. खोटं बोलत नाही तो.

त्या दिवसानंतर त्या नंबरावरून एकही रिंग आलेली नाही. आता निकाल इन्याच कळवतो, व्हॉट्सॲपवर, मॅच संपल्यावर, लांबलचक बोलून. रेफरीच्या चुका, पोरांच्या चुका, सगळं. मी वारंगळला बसून ऐकतो. गोल झाला त्या क्षणी मात्र आता काही वाजत नाही. मॅचच्या दिवशी दुपारभर फोन समोर ठेवून बसतो आणि नुसता थकून जातो.

दलाल या शब्दाबद्दल त्याने अजून माफी मागितलेली नाही. उलट गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, "सल्या मोठ्या मनाचा. कोणी बोलावलं नाही तरी आपणहून आला." लोक माझं कौतुक करतात आणि माझं रक्त उकळतं. मी कुठल्याच सौद्यात आधी हात पुढे केलेला नाही, आणि यात तर मुळीच नाही. मी आपणहून आलो नाही. मला बोलावलं होतं.

कोणी, ते मला माहीत नाही.